गहिनीनाथाची मोट

गहिनीनाथ जाऊन सत्तावीस दिवस झाले होते, आणि एक सकाळ सोडली तर तेवढे दिवस त्याची मोट विहिरीच्या काठावर उताणी पडून होती. त्याची लेक शिवकन्या रोज सकाळी जाऊन तिच्या चामड्याला करंजाचं तेल चोळून यायची. तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं. मोट वाळली की तडकते, आणि तडकलेली मोट शिवायला माणूस माजलगावहून आणावा लागतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. शिवाय तेल चोळायला बराच वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात तिच्याशी बोलायला कोणी येत नसे.

विहिरीच्या खालच्या अंगाला दीड बिघा गहू पोटरीत आला होता, ओंबी बाहेर पडायच्या बेतात. अजून दोन पाणी मिळाली तर तिच्या आईची, बायनाबाईची, वर्षाची भाकर निघाली असती. न मिळाली तर गुरांपुढे टाकायला काड. शिवकन्येला भाऊ नव्हता. नवरा गेवराईच्या शाळेत मास्तर होता. त्याने 'गहू घरात येईपर्यंत माहेरी राहा' असा निरोप धाडला होता आणि सोबत वाचायला दोन पुस्तकं. पुस्तकं तशीच कोनाड्यात होती.

पाण्याला तोटा नव्हता. विहीर अजून अर्ध्याहून वर भरलेली होती. गोठ्यात गुलब्या आणि हरण्या खाऊनपिऊन तुकतुकीत उभे होते. अडलं होतं ते एवढंच, की ही जोडी गहिनीनाथावाचून कोणाची मोट ओढत नव्हती.

मोटेला धाव लागते. धाव म्हणजे विहिरीच्या तोंडापासून खाली उतरत गेलेली वाट. बैल तिच्यावरून खाली गेले की जाड नाड्याला बांधलेली मोट भरून वर येते आणि दगडी थारोळ्यात रिकामी होते. तिथून पाणी पाटाला लागतं. मग बैलांनी तोंड न फिरवता, पाठमोरं, पुन्हा वर यायचं. उतारावरून खाली कोणताही बैल जातो. पाठमोरं चढायला मात्र त्याला शिकवावं लागतं. लोक चाबकाने शिकवतात. गहिनीनाथाने गळ्यावर शिकवलं होतं. बारा वर्षं त्याने मोट हाकली ती नाड्यावर बसून, गाणं म्हणत. त्याच्या घरात चाबूकच नव्हता.

तेराव्यानंतर त्याच्या धाकट्या भावाने, शहादेवाने, आपला चाबूक आणला. पाठीवर वादी बसताच गुलब्या असा उसळला की मोट विहिरीच्या भिंतीवर आपटली आणि अर्धीच वर आली. खाली गेलेली जोडी मग तिथेच उभी राहिली. शहादेवाने शेपट्या पिळल्या, शिव्या दिल्या, शेवटी पुढे होऊन डोक्याने रेटलं. हरण्याने शांतपणे त्याच्या अंगठ्यावर पाय दिला.

"शिवे," लंगडत ओसरीवर येऊन तो म्हणाला होता, "ही जोडी म्या येत्या सोमवारी माजलगावच्या बाजारात घालतो. बदल्यात दुसरी आणू. शिकलेली."

"आन् तवर गव्हाचं, नाना?"

"तवर गहू देवाचा."

शहादेव वाईट नव्हता. त्याची स्वतःची जोडी म्हातारी होती आणि आपल्याच विहिरीवर धापा टाकत होती. बापाचे, तिच्या दादांचे, बैल बाजारात उभे राहणार, लोक त्यांचे दात बघणार, एवढंच शिवकन्येच्या डोळ्यांपुढे येत होतं. ती गोठ्याकडे वळली.

सोमवारला दोन दिवस असताना, शनिवारी, छकड्यातून दोघं पाहुणे आले.

गाव त्यांना ओळखत होतं. सुंदरराव हैदराबादेच्या कॉलेजात मराठीचे प्रोफेसर होते आणि मुनीरोद्दीन त्यांचा विद्यार्थी. मुनीरचं घर बीडमध्ये कारंजाजवळ होतं, त्यामुळे बोलायला तो गावच्यासारखा, लिहायचा मात्र उर्दूत, उजवीकडून डावीकडे, सरसर. गेल्या वर्षी दोघं आठ दिवस इथे, सावरटाकळीत, राहिले होते. कोण काय गातं, कोणत्या कामाला कोणता शब्द वापरतं, ते विचारत हिंडले होते. पहिले दोन दिवस कोणी तोंड उघडलं नव्हतं. सरकारी वाटणारा माणूस वही घेऊन आला की गाव मुकं होतं. शेवटी छबुबाईनेच विचारलं होतं. सत्तरीची बाई, तिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं.

"आता गाण्यावर बी धारापट्टी बसवताय का काय, सायेब?"

"नाही आजी. गाणी शिकायला आलो."

"बुढं झाल्यावर? कावून, ल्हानपणी आयनं म्हणली न्हाईत?"

त्यावर सुंदरराव इतके मोकळे हसले की गावाचं कुलूप उघडलं. गहिनीनाथाला त्यांनी देवळापुढच्या पारावर बसवून गायला सांगितलं, तर दुसऱ्या ओळीलाच तो अडला. "खाली नाडा न्हाई, कसं आठवंल?" म्हणाला. मग सगळे विहिरीवर गेले. मुनीर तीन दिवस रोज सकाळी धावेच्या कडेला बसून लिहीत होता.

आता ते गाणं छापून आलं होतं. कॉलेजचं मराठी मासिक निघत असे, त्यात. सुंदररावांचा एक नेम होता: गावातून जे न्यायचं ते गावात परत आणून वाचून दाखवायचं. "कॉलेज म्हणजे काही धान्याचं पेव नाही," ते मुलांना म्हणत, "भरलं आणि वर माती लोटली." म्हणून ते अंक घेऊन आले होते आणि आल्या आल्या त्यांनी गहिनीनाथाची चौकशी केली. चावडीपुढे कोणीतरी सांगितलं. सुंदररावांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. मुनीर छकड्याच्या चाकाकडे बघत उभा राहिला.

"वाचू का नको?" त्यांनी शेवटी शहादेवाला विचारलं. "घरात दुखवटा आहे."

"वाचा की. तुमी काय गाणार हाव का? वाचणार हाव."

तिसऱ्या प्रहरी चावडीवर माणसं जमली. बाया समोर मारुतीच्या पायऱ्यांवर बसल्या. बायनाबाई पदर तोंडाशी धरून शेवटच्या पायरीवर होती, शेजारी शिवकन्या. सुंदररावांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं:

"विहिरीच्या तळाशी निजले आभाळ,
जागे कर त्याला, ओढ रे हरण्या.
घागर न पुरे, पोहरा न पुरे,
भरून ये मोटे, गव्हाच्या दाण्या."

पुढे अशीच बारा कडवी होती. वाचन चांगलं होतं. गहिनीनाथाचं नाव वर ठळक छापलं होतं, तेही त्यांनी वाचलं. बायनाबाईने ते ऐकून मान खाली घातली. पण वाचता वाचता शिवकन्येच्या हाताची बोटं उगीच पायरीच्या दगडावर आपटू लागली. शब्द सगळे दादांचे होते. तरी कुठेतरी पाय चुकल्यासारखं होत होतं, पायरी आहे म्हणून टाकावा आणि पायरी नसावी तसं.

वाचन संपलं. 

"वाचलं ब्येस," छबुबाई म्हणाली. "पर गहिनीची मोट रिकामीच वर आली की वो!"

माणसं हसली, आणि लगेच बायनाबाईकडे बघून गप्प झाली. सुंदरराव हसले नाहीत. "रिकामी म्हणजे कशी, आजी?"

"मला काय ठावं? मला काय वाचाया येतंय? कानाला तसं लागलं."

शहादेवाचं मात्र त्याकडे ध्यान नव्हतं. तो पुढे होऊन अंकावरच्या काळ्या अक्षरांवर बोट फिरवत होता. त्याच्यासाठी छापलेली गोष्ट म्हणजे पक्की गोष्ट होती. तहसिलीतला कागद बघून त्याची तशी खात्रीच झाली होती. "सगळं हाय ह्यात?" त्याने विचारलं. "मंग झालं की! उद्या सकाळी तुमी काठावर हुभं ऱ्हाऊन वाचा, म्या हाकतो. बैलास्नी काय, सबुद कानावर पडल्याशी मतलब."

सुंदरराव गोंधळले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बैलांपुढे व्याख्यान द्यायचं आमंत्रण येत होतं. पण शहादेवाने बाजाराची गोष्ट सांगितली तेव्हा ते उठून उभे राहिले. "येतो," म्हणाले.

रविवारी उन्हं वर यायच्या आत अर्धं गाव विहिरीवर होतं. शिवकन्या खोरं घेऊन गव्हात उतरली आणि पहिल्या वाफ्याचं दारं, म्हणजे पाटातून पाणी आत घ्यायचं तोंड, फोडून उभी राहिली. ही तिची जागा होती. सात वर्षांची असल्यापासून लग्नापर्यंत दादांच्या मोटेवर दारं तिनेच धरलं होतं. इथून धाव दिसत नाही, मध्ये बोरीची ओळ आहे. दिसत नाही, ऐकू येतं.

बैल जुंपले. सुंदरराव धोतराचा सोगा खोचून, अंक डोळ्यांपुढे धरून काठावर उभे राहिले आणि वाचू लागले. पहिला शब्द ऐकताच हरण्याने कान टवकारले. शहादेवाने मागून रेटलं तशी जोडी निघाली. लोकांतून "आरं, चालली की!" असा आवाज उठला. मोट पाणी निथळत वर आली, थारोळ्याशी आली, आणि सुंदरराव पुढचं कडवं वाचायला लागले. शहादेवाने थांबायला दम भरला. बैल ओढतच राहिले. मोट विहिरीवरच्या चाकाला जाऊन थडकली, नाडा करकरला, आणि मोटेतलं सगळं पाणी थारोळ्याऐवजी धबधबा परत विहिरीत पडलं. बैल धावेच्या तळाशी थांबले. सुंदररावांनी तिसरं कडवं वाचलं, चौथं वाचलं. बैल रवंथ करू लागले.

"म्या म्हणलं न्हवतं?" छबुबाई म्हणाली. "रिकामी."

गव्हात शिवकन्येच्या पायाशी पाट कोरडा होता. पण तिला आता काल कुठे पाय चुकत होता ते स्पष्ट कळलं. दुसऱ्या ओळीनंतर दादा गप्प व्हायचे. रोज, दर खेपेला. तेवढा वेळ पाणी पडायचं. त्या गप्प होण्यावर ती इथे उभी राहून दारं बदलायची; किती खेपा झाल्या ते त्यावरच मोजायची. मग गप्पपणा संपला की दादा ज्या आवाजात बोलत तो आवाज गाण्याचा नसायचा, लेकराला जवळ बोलवावं तसा असायचा. ते काहीच छापलं नव्हतं.

सत्तावीस दिवस तिला वाटत होतं की दादांचं गाणं आपल्याला आठवत नाही, आठवूही नये. चुकीचं ऐकलं तेव्हा कळलं, सगळं जिथल्या तिथे होतं.

तिने खोरं बांधावर ठेवलं आणि बोरींमधून वर चढली.

"मी हाकते, नाना."

शहादेवाने तिच्याकडे असं बघितलं की जणू हरण्याच बोलला. "खुळी का काय तू? बाईमानूस धावंवर? आन् बाप जाऊन म्हैना न्हाई, घरात वरीसभर गाणं म्हणत न्हाईत, ठावं न्हाई तुला?"

"गाणं कोण म्हणतंय? दादा गाणं म्हणायचे का, नाना? दादा पाणी द्यायचे."

 लोक बायनाबाईकडे बघू लागले. ती बांधावर उभी होती. नवरा गेल्यापासून चारचौघांत एक शब्द बोलली नव्हती.

"भावजी," ती म्हणाली, "उद्या जोडी बाजारात जायाचीच हाय. आज पोरीला हाकून बघू द्या."

शहादेव बाजूला झाला. बैलांना सोडून, फिरवून, पुन्हा वर आणून उभं केलं. शिवकन्येने गाण्याची पहिली ओळ उचलली. आवाज तिचाच तिला परका वाटला. हरण्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि जागचा हलला नाही. तिने पुन्हा म्हटलं. काही नाही. तिला गव्हातून ऐकू येत होतं तेवढं सगळं ठाऊक होतं. पण इथे, बैलांच्या जवळ, दादा आधी काय करत होते, ते तिला कधी दिसलंच नव्हतं.

मुनीर मघापासून चुळबुळ करत होता. आता तो पुढे आला. कान लाल झाले होते.

"बाई, ते माझ्याकडं हाय."

"काय हाय?"

"म्या सगळं लिवलं होतं. गाण्याच्या आधी ते काय करायचे, मध्ये काय बोलायचे. मंग छापायला देताना खोडलं." त्याने सुंदररावांकडे पाहिलं. "ते शेर न्हाई, बैलाशी बोलणं हाय, म्हणून काढून टाकलं."

"मीच काढायला सांगितलं," सुंदरराव म्हणाले. "ओळी मोकळ्या दिसाव्यात म्हणून. वही आहे का तुझ्याजवळ?"

वही पिशवीतच होती, गेल्या वर्षीची, तेलाच्या डागांची. मुनीरने पानं उलटली आणि खोडलेल्या ओळींवर बोट ठेवून वाचलं, "आधी नाड्यावर बसतात. सगळं वजन देऊन. हरण्याच्या पाठीवर उजवा हात. जीभ दोनदा वाजवतात. मग 'हां' तीनदा, तिसरा लांब. मग गाणं."

शिवकन्येने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि नाड्यावर बसली. दोर ताठ होता, खाली थरथरत होता. हरण्याच्या पाठीवर हात ठेवला. ऊन लागून ती गरम झाली होती. तिने जीभ दोनदा वाजवली.

"हां. हां. हांऽऽ..."

दोन्ही बैलांच्या मानेखाली लोंबणारी पोळी एकदम हलली.

"इहिरीच्या तळाला निजलंया आभाळ,
जागं कर त्याला, वढ रं हरण्या..."

जोडी निघाली ती एका पावलात. नाड्यावर बसलेली शिवकन्या धावेवरून खाली गेली, मागे चाक कुरकुरलं, आणि दुसरी ओळ संपताच ती गप्प झाली. बैल आपसूक थांबले. वर मोटेची सोंड थारोळ्यात उघडली आणि पाणी पडलं. तो आवाज तिने आयुष्यभर लांबून ऐकला होता. इतक्या जवळून तो फार मोठा होता. तो संपेपर्यंत तिने कोणाकडे पाहिलं नाही.

"ये रं राजा," मग ती हळू म्हणाली. "ये मागं. ये मागं, माज्या सोन्या, ये."

गुलब्याने मागचा पाय उचलला आणि वर टेकवला. मग हरण्याने. पाठमोरे, डुलत, एक एक पाऊल, जोडी काठापर्यंत आली.

 छबुबाईने नुसतं "भरली," एवढं म्हटलं.

पाचव्या खेपेला शिवकन्येच्या ध्यानात आलं की गव्हात कोणीच नाही. "आवो, दारं!" ती नाड्यावरूनच ओरडली. "पहिला वाफा फुटंल! मुनीरभाई, तुमी जा! खोरं बांधावर हाय!"

मुनीर पायजमा गुडघ्यावर घेत धावला. मागून वही सांभाळत सुंदरराव. बोरींच्या पलीकडून मुनीरचा आवाज आला, "कुणीकडून फोडू?"

"आरं डावीकडून, डावीकडून!" छबुबाई बांधावरून नाचू लागली. "कालिजात ह्ये बी शिकवत न्हाईत का बे?"

"कधी बदलायचं ते कसं कळंल?"

"ऐका!" शिवकन्या म्हणाली. "मी गप झाले की बदला!"

पहिले तीन वाफे त्याने चुकवले. चौथा बरोबर साधला. दुपारच्या भाकरीपर्यंत अर्धा गहू भिजला होता आणि मुनीर ढोपरापर्यंत चिखलात होता.

भाकरीला सगळे बोरीखाली बसले. बायनाबाईने पाहुण्यांना ठेचा वाढला. शहादेव बैलांपुढे कडबा टाकून आला आणि जरा लांबच टेकला.

"सोमवारी बाजाराला म्या एकलाच जातो," तो भाकरीकडे बघत म्हणाला. "पेंड आणाया. जोडीला ताकद लागंल, आजून एक पाणी हाय." मग न राहवून, "शिवे, माझ्या जोडीला बी शिकिवशील का?"

"तुमाला शिकवते आदी," शिवकन्या म्हणाली. "चाबूक घरी ठिवून या." शहादेवाने मान हलवली आणि स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

मुनीरने हात धुतले, कोरी वही काढली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसला. या वेळी त्याने काही सोडलं नाही. नाडा लिहिला, हात लिहिला, जिभेचे दोन आवाज कसे लिहावे यावर सुंदररावांशी वाद घातला. दुसऱ्या ओळीपाशी येऊन तो थांबला.

"बाई, इथं काय लिहू?"

"तितं पाणी पडतंय," शिवकन्या म्हणाली. "कोरं ठेवा."

त्याने दोन ओळींची जागा सोडली आणि वही तिच्यापुढे धरली. उर्दू तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने पान नीट बघितलं, डोळे मिटून दादांची एक खेप मनात मोजली, आणि मोकळ्या जागेखाली बोट टेकवलं.

"आजून दोन वळी सोडा," ती म्हणाली, आणि उरलेल्या वाफ्यांसाठी धावेकडे निघाली.